सगळे उडून जाते म्हणे!

हा लेख छापून आला की आमच्या नारायण पेठेतली निदान दोन माणसे माझ्याशी बोलायची बंद होणार, हे मी धरूनच चालले आहे. पहिले गृहस्थ आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. परदेशी केकमध्ये रम घालतात असे त्यांनी कुठेसे वाचले आणि तेव्हापासून केक म्हटला की ते कानांवर हात ठेवतात. नातवाच्या वाढदिवसालाही त्यांनी शिऱ्याची मूद कापायला लावली. दुसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. मुलाकडे परदेशी सहा महिने राहून आल्यापासून तिच्या ओट्यावर तेलाच्या किटलीशेजारी वाइनची बाटली उभी असते, आणि कोणी भुवई उंचावली की तिचे उत्तर तयार असते, "अगं, शिजवताना सगळं उडून जातं!"

पहिल्यांचे म्हणणे, असल्या पदार्थांचे नावच नको. दुसरीचे म्हणणे, त्याचा एवढा बाऊ नको. माझे भांडण दोघांशीही आहे, कारण एक साधा प्रश्न दोघेही टाळतात. त्या भांड्यात मद्यार्क काम तरी काय करतो, आणि ते काम आपल्या फडताळातल्या दुसऱ्या कोणाला जमण्यासारखे आहे की नाही? अर्थात हा प्रश्न मी तरी कुठे वेळेवर विचारला? म्हणून आधी माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्याच्या चुकीने सुरुवात करणारा लेख आमच्या पेठेत कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. असे लेख लिहिणारे इथे घरोघरी आहेत.

मी एकतीस वर्षे मुलींना रसायनशास्त्र शिकवले. पत्र्या मारुतीपासून हाकेच्या अंतरावर, पूर्वी जिथे वाडा होता तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही राहतो. आमच्याकडे दिवाळी म्हणजे भाऊबीज, आणि भाऊबीज म्हणजे माझा धाकटा भाऊ. या भावाने आयुष्यातली पंधरा वर्षे दारूत घालवली. नोकरी गेली, आईच्या पाटल्या गेल्या, वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेली. पुढे त्याने उपचार घेतले, हळूहळू सावरला, वहिनी आणि भाची परत आल्या. गेल्या भाऊबीजेला त्याने दारू सोडल्याला अकरा वर्षे पुरी होत होती. अशा माणसाचे एकेक वर्ष कसे मोजले जाते, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना सांगायला नको.

माझी सून हौशी आहे. दसऱ्यालाच तिने मनुका, बेदाणे आणि खजूर रममध्ये भिजत घातले होते. केक भाजायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "आई, भाऊबीजेला मामा येणार. हा केक त्यांना चालेल ना?" विचारण्याचा विवेक तिच्यापाशी होता. उत्तर देणारी मी होते. चष्मा पुसत, वर्गात सांगावे तशा थाटात मी म्हटले, "मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतो. तुझा ओव्हन एकशे ऐंशीवर. उरायचं काय त्यात?"

ओवाळून झाले. भावाने केकचा एक घास घेतला, दुसरा घेतला आणि थांबला. "ताई, यात काय आहे?" त्याने विचारले. मी काही बोलायच्या आत माझ्या चेहऱ्याने सांगून टाकले असावे. त्याने बशी खाली ठेवली, ओवाळणीचे पाकीट तबकात ठेवले, "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणाला आणि जिना उतरून गेला. तेव्हा साडेसात वाजले होते. फोन उचलीना. वहिनी गॅलरीत जी उभी राहिली ती उभीच. खाली रस्त्यावर आकाशकंदील हलत होते, मुले भुईनळे उडवीत होती, आणि मी एकतीस वर्षे जे शिकवले ते सगळे परत घ्यावे असे मला वाटत होते.

साडेदहाला तो आला. ओंकारेश्वराच्या बाजूला नदीकाठी बसला होता. तिथून त्याने आपल्यासारख्याच दारू सोडलेल्या एका जुन्या सोबत्याला बोलावून घेतले आणि दोघे तीन तास बोलत बसले. तो घसरला नाही. पण त्याचे श्रेय त्याचे आणि त्या सोबत्याचे. ढकलण्याचे काम मात्र त्याच्या रसायनशास्त्रज्ञ बहिणीने चोख केले होते.

आता त्या "उडून जाण्या"कडे वळू. माझी चूक शाळकरी होती आणि म्हणूनच ती सर्वत्र आढळते. मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतो हे खरे. पण तो एकटा असेल तर. पाण्यात, मधल्या गरात, साखरेच्या पाकात मिसळला की तो पाण्याचा हात धरून बसतो. वाफ होते ती दोघांची मिळून. एक सगळा आधी निघून गेला आणि दुसरा मागे राहिला, असे होत नाही. शिवाय ओव्हन एकशे ऐंशीवर असला तरी केकच्या पोटात ओल आहे तोवर तिथले तापमान शंभरापलीकडे जात नाही. आणि रम मुरलेला बेदाणा म्हणजे तर साल लावून बंद केलेली इवलीशी कुपीच!

अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजून १९९२ साली प्रसिद्ध केले, आणि त्या मोजमापांच्या आधारे तिथल्या शेती खात्याचा तक्ताही आहे. उकळत्या रश्श्यात वाइन ओतून लगेच भांडे उतरवले तर ८५ टक्के मद्यार्क तसाच राहतो. तव्यावर भडका उडवून जाळण्याचा जो देखावा मोठ्या हॉटेलांत करतात, त्यानंतरही ७५ टक्के राहतो. न शिजवता रात्रभर ठेवले तर ७० टक्के. पंधरा मिनिटे मंद शिजवले तर ४० टक्के, अर्ध्या तासाने ३५, तासाभराने २५. अडीच तास रटरटवल्यावरही ५ टक्के शिल्लक असतोच. म्हणजे सुनेचा केक तासभर भाजला गेला असला, तरी ओतलेल्यातला सुमारे चौथा हिस्सा बशीत आला. "सगळे उडून जाते" या वाक्यातले "सगळे" तेवढे खोटे आहे, आणि माणसे बसतात ती त्याच एका शब्दाच्या भरवशावर.

इथे माझी मैत्रीण म्हणेल, "अगं पण तो चौथा हिस्सा म्हणजे केवढासा? एका तुकड्याने कोणाला चढते?" कोणाला चढत नाही, हे मी आधीच मान्य करते. धडधाकट मोठ्या माणसाला एका तुकड्यातला मद्यार्क कळणारही नाही. पण पंगतीला काय सगळी धडधाकट मोठी माणसेच बसतात? लहान मुले असतात. दिवस गेलेली लेक माहेरी आलेली असते. यकृताच्या दुखण्याने डॉक्टरांनी थेंबही वर्ज्य सांगितलेले काका असतात. धर्माने ज्यांना मद्य निषिद्ध आहे असे मुलाचे मित्र असतात. आणि व्यसनातून उठलेला कोणी डायसल्फिराम नावाच्या गोळ्या घेत असला, तर त्याची गोष्टच वेगळी. व्यसनावर हे औषध वापरता येईल हे १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवले. ती गोळी घेणाऱ्याच्या पोटात मद्यार्क गेला की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. म्हणूनच अशा माणसाला खोकल्याच्या औषधापासून ते वाइन घातलेल्या सॉसपर्यंत सगळे जपून घ्यायला सांगतात. तिथे "केवढासा" हा युक्तिवाद चालत नाही.

माझा भाऊ गोळ्या घेत नव्हता. त्याच्या शरीराला त्या दोन घासांनी काही झाले नाही. त्याला जे झाले ते जिभेवर झाले, आणि जिभेमागे पंधरा वर्षांची आठवण होती. या शहरात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीच्या बळावर १९८६ साली मुक्तांगण उभे केले. तेव्हापासून दारूचे व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, हे पुणेकरांनी पुष्कळदा ऐकले आहे, टाळ्याही वाजवल्या आहेत. पण मधुमेहाचा पाहुणा आला तर त्याच्या चहात साखर घालून "उकळताना उडून जाते" असे आपण म्हणतो का? तो आजार आपण खरोखरच आजार मानतो. हा मानतो असे नुसते म्हणतो.

एवढे शिकल्यावर मी शहाणी झाले असेन, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. पहिली चूक दुरुस्त करताना मी दुसरी केली, आणि ती अधिक सभ्य दिसणारी होती. नाताळच्या सुटीत सगळे पुन्हा जमले. सुनेने दोन केक केले. एक रमचा, घरच्यांसाठी. दुसरा बिनरमचा, खास मामांसाठी; आणि गल्लत नको म्हणून मी त्यावर दातकोरणीला कागदाची निशाणी लावून ती मध्यभागी खोचली. भावाने त्या निशाणीकडे पाहिले, हसला आणि म्हणाला, "ताई, मला पंगतीतून उठवून ओसरीवर पान मांडलंस की गं!"

चेष्टेत बोलला, पण मला ते लागले. त्याने मला जे सांगितले तेच या लेखाचे सार आहे. पर्याय शोधायचा तो एका माणसासाठी नव्हे, भांड्यासाठी. निराळी वाटी करून पाहुण्याचा आजार ताटात मिरवायचा नाही. जे सगळ्यांना चालेल ते एकाच भांड्यात शिजवायचे आणि सगळ्यांनी मिटक्या मारून खायचे.

हे काही मी नवे सांगत नाही. ही विद्या आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या नांदते आहे. एकादशी घरात एकट्या आजीची असते. पण साबुदाण्याची खिचडी परातभर होते आणि उपास नसलेले तीनदा वाढून घेतात. ही खिचडी म्हणजे मुळात पर्यायच. आणि तो कशाचा केला? साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चौघेही मूळचे अमेरिका खंडातले! आपल्या आज्यांनी सातासमुद्रापलीकडून आलेले चार पाहुणे एका कढईत घातले आणि त्यांचा आपला उपासाचा पदार्थ केला. नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. म्हणून काय आपण आमटीला "बिनकांद्याची, बिनलसणाची, पर्यायी आमटी" म्हणतो? नुसती आमटी म्हणतो, आणि चिंच, गूळ, गोडा मसाला घालून ती अशी करतो की कांद्याची आठवणही येऊ नये. ज्या पेठेला हे साधले, तिने चमचाभर रमपुढे हात टेकावेत?

ज्यांना देशी दाखला पुरत नाही त्यांच्यासाठी थोडा लांबचा देते. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले ते मांस वाइनमध्ये आणि लसणीत मुरवण्याची आपली रीत घेऊन आले. त्यांच्या भाषेत वाइन म्हणजे व्हिन्यो आणि लसूण म्हणजे आल्यो. गोव्याला द्राक्षाची वाइन कुठली? तिथे माड होते. माडाचा ताजा रस, म्हणजे नीरा, काही तास राहिली की आंबून माडी होते. तिला गोव्यात सूर म्हणतात. सूर आणखी आंबली की तिचा व्हिनेगर होतो. गोव्यातल्या सुगरणींनी वाइन काढून तो व्हिनेगर घातला, वर लाल मिरची वाटून लावली, आणि आज सगळे जग ज्याला विंदालू म्हणून ओळखते तो पदार्थ तयार झाला. नावात "आलू" ऐकू येतो म्हणून त्यात बटाटा घालणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तो आलू म्हणजे लसूण आहे. वाइन गेली म्हणून विंदालू कोणी रडत खाल्ला नाही. मूळ पदार्थ पोर्तुगालात राहिला, आणि पर्याय जगभर गेला.

पुढे त्या सुरेलाही पर्याय निघाला. गोव्याचे पोदेर पावाचे पीठ सुरेने फुगवीत. आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट वापरतात. सान्ने, म्हणजे तिकडची इडलीसारखी फुगणारी तांदळाची वडी, सुरेवरच व्हायची. आज पुष्कळ घरांत ती यीस्टवर किंवा आंबवलेल्या नारळपाण्यावर होते. जुन्या चवीची सर नाही असे तिथली वडीलमाणसे म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण सान्ना सान्नाच राहिला, कारण सुरेचे काम काय होते ते त्या बायकांना ठाऊक होते. फुगवण्याचे काम दुसऱ्याकडे गेले, इतकेच.

तेव्हा कामे ओळखू या. मी मोजली ती चार.

पहिले काम आंबटपणाचे. रश्श्यात किंवा सॉसमध्ये वाइन घालतात ती पुष्कळदा आंबट-तुरट चवीसाठी. आता गंमत पाहा. द्राक्षांच्या वाइनमधले मुख्य आम्ल म्हणजे टार्टरिक आम्ल, आणि आपल्या चिंचेतले मुख्य आम्लही टार्टरिकच! ज्या वस्तूसाठी माझी मैत्रीण परदेशी बाटली उघडते ती तिच्या सासूबाईंनी मीठ लावून बरणीत भरून ठेवलेली आहे. कृतीत पाव कप तांबडी वाइन सांगितली असेल, तर पाव कप भाज्या उकळलेले पाणी, त्यात एक चमचा चिंचेचा पातळ कोळ आणि बोराएवढा गूळ घाला. तांबडा रंग हवा असेल तर चिंचेऐवजी दोन आमसुले भिजवून त्याचे पाणी. पांढऱ्या वाइनच्या जागी तेच पाणी आणि लिंबाचा रस. पण लिंबू शेवटी, भांडे उतरवल्यावर पिळायचे.

दुसरे काम सुवासाचे. मसाल्यातले काही सुगंध पाण्यात विरघळत नाहीत, मद्यार्कात विरघळतात. म्हणून तो ते सगळ्या पदार्थभर पसरवतो. पण ते तेलातुपातही विरघळतात, आणि त्यासाठी आपल्याकडे फोडणी नावाची एक संस्था आहे. केकसाठी दालचिनी, लवंग, जायफळ यांची पूड थेट पिठात न टाकता कोमट लोण्यात दहा मिनिटे मुरवून मग पिठात घाला. रमवाल्या केकचा वास जिना उतरत नसेल इतका हा उतरतो. आमच्या खालच्या आजोबांनी दार उघडून विचारले होते.

तिसरे काम फुगवण्याचे आणि कुरकुरीत करण्याचे. माशांच्या वरच्या पिठात बिअर घालतात ती मुख्यतः तिच्यातल्या बुडबुड्यांसाठी. थंडगार सोडावॉटर घ्या, मैद्यात चौथा हिस्सा तांदळाची पिठी मिसळा, आणि भिजवल्याबरोबर तळायला घ्या. भज्यांच्या गावात याहून अधिक सांगणे म्हणजे पाणिनीला व्याकरण शिकवणे.

चौथे काम मुरवण्याचे आणि टिकवण्याचे. इथे मात्र प्रामाणिक राहिले पाहिजे. दोन वाट्या सुका मेवा, एक वाटी संत्र्याचा रस, अर्धी वाटी कोऱ्या चहाचे पाणी आणि दालचिनीचा तुकडा हे सगळे एक उकळी आणून झाकून ठेवायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचे. चहाच्या तुरटपणाने रममध्ये मुरल्यासारखी खोली येते, बेदाणे टपोरे होतात. पण रममधला मेवा महिनोन्महिने टिकतो, हा टिकणार नाही. दुसऱ्या दिवशी वापरायचा. आणि आळसाने तीन दिवस ओट्यावर राहू दिलात, तर तो आपला आपण आंबू लागेल आणि निसर्गच तुमच्या घरात गुत्ता उघडेल.

या चार कामांत वासाची नक्कल कुठेही नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. बाजारात रमच्या वासाची इसेन्स मिळते. तिचे चार थेंब घातले की झाला पर्याय, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. एक तर अशा अर्कांत आणि इसेन्सांत मुळात मद्यार्कच वाहक म्हणून असू शकतो. खऱ्या व्हॅनिलाच्या अर्कात तर अमेरिकेच्या कायद्याने तो कमीत कमी ३५ टक्के असावा लागतो. तेव्हा बाटलीवरचे बारीक अक्षर वाचावे. आणि मद्यार्क नसला तरी, ज्याला तो वासच नको आहे त्याच्या नाकाशी तोच वास नेऊन धरायचा, याला पर्याय म्हणत नाहीत. ज्या माणसासाठी वस्तू काढली, तिचे भूत त्याच्याच पानात वाढायचे?

बारीक अक्षर वाचण्याची शिफारस केली आणि मीच सापडले, तेही सांगते. माझ्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असते. जेवणानंतर दोन चमचे समप्रमाण पाण्यातून. एकदा भाच्याने ती उचलून मोठ्याने वाचली. आसव-अरिष्टांत आंबण्याच्या क्रियेने आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो आणि तसे बाटलीवर छापलेले असते. सगळे घर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, ते औषध आहे आणि ते मी एकटी घेते, कोणाच्या आमटीत ओतत नाही. भाचा हसला, पण माझा मुद्दा मात्र त्या उत्तरात अनायासे आला.

तो मुद्दा असा. मी दारूबंदीवाली नाही. आमच्याच पेठेतल्या केसरीवाड्यात लोकमान्य राहत. १९०८ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले आणि गिऱ्हाइकांना समजावून परत पाठवू लागले. पुढे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याने मद्यार्क असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवरही हात टाकला तेव्हा १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला तेवढा भाग रद्द ठरवावा लागला. कायदा बाटली मोजतो. भांड्यात काय आहे हे त्याला दिसत नाही, आणि दिसावे असे मी मागतही नाही. ज्याला प्यायची आहे त्याने आपल्या पेल्यात घ्यावी. पेला दिसतो, तो उचलावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवता येते. कढई सगळ्यांची असते. तिच्यात न सांगता घातलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या वतीने परस्पर घेतलेला निर्णय. माझ्या मैत्रिणीला एवढेच सांगायचे आहे की तिने स्वतःपुरते काहीही शिजवावे. पण पंगत असेल त्या दिवशी बाटली ओट्यावरून उचलावी, आणि उचलली नसेल तर वाढण्यापूर्वी स्वच्छ शब्दांत सांगावे. आणि खालच्या आजोबांना सांगायचे आहे की दोष केकचा नाही. नातवाला सुखाने केक कापू द्या, कृती मी लिहून देते.

"पण चव?" हा शेवटचा आक्षेप शिल्लक आहे. चव तीच राहत नाही. रमचा केक तो रमचा केक. ज्याला तीच चव हवी त्याला दुसऱ्या कशानेही समाधान होणार नाही, आणि मी त्याला फसवणार नाही. पण घरच्या पदार्थाची चव जिभेवर जेवढी ठरते तेवढीच भोवती कोण बसले आहे यावर ठरते. ज्या बशीने माझ्या भावाला नदीकाठी नेऊन बसवले तिची चव मला अजून आठवते. ती चांगली होती. तरीही मला ती पुन्हा नको.

यंदा सुनेने केक एकच केला. संत्र्याच्या रसाचा, चहाचा, जायफळ मुरवलेल्या लोण्याचा. निशाणी नाही, वेगळी बशी नाही. भाऊबीजेच्या आधी एक लहान केक रंगीत तालीम म्हणून केला आणि भावाला घरी बोलावले. त्याने आधी हुंगला. ती सवय आता त्याला लागली आहे, आणि ती मी लावली आहे. मग एक घास घेतला, दुसरा घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याने तिसरा घेतला आणि सुनेला म्हणाला, "जायफळ एक कणभर जास्त झालंय गं."

सुनेला जरा राग आला. मला मात्र वाटले, अकरा वर्षांनंतर माझा भाऊ आमच्या पंगतीत बसून पहिल्यांदाच इतर कोणत्याही पुणेकरासारखा जेवला.